तक्रारीच्या खिडकीतला गायक

उपेंद्र मुचंडीकरइतका हळू बोलणारा माणूस मी बेळगावात दुसरा पाहिलेला नाही. वीज कचेरीत तक्रारीची खिडकी असते, तिच्या आत तो बसतो. बाहेरचा माणूस तावातावाने येतो. सकाळपासून करंट नाही, गिरणीत दळण अडकलंय, पोराची परीक्षा आहे, तुम्ही लोक आत झोपा काढता काय, हे सगळं तो बहुतेक कानडीत, कधी मराठीत आणि राग फारच अनावर झाला तर हिंदीत ऐकवतो. उपेंद्र मान खाली घालून ऐकतो, लिहून घेतो आणि एवढंच म्हणतो, "नोड्तीनि री." म्हणजे, बघतो. समोरचा मराठी असला तर नुसतं "बघतो." इतक्या वर्षांच्या नोकरीत त्याने त्या खिडकीतून तिसरा शब्द बाहेर सोडल्याचं मला तरी आठवत नाही.

आणि हाच माणूस दर रविवारी वडगावात जाऊन, काळा टी-शर्ट घालून, नरड्याच्या शिरा फुगेपर्यंत ओरडत असतो. त्याच्या कचेरीत हे बरीच वर्षं कुणाला ठाऊक नव्हतं. कुणी सांगितलं असतं तर सांगणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं.

हेवी मेटल म्हणतात त्या आरडाओरडीच्या संगीताचा आमचा बँड, नाव 'सिंगल फेज'. गळा उपेंद्रचा, गिटार श्रेयसची, ड्रम शामूचे. मी ओमकार, या बँडचा मॅनेजर. संगीतातलं मला ओ की ठो कळत नाही. खासबागेत माझी बेकरी आहे, पाव पोचवायला व्हॅन आहे आणि ड्रम त्या व्हॅनमध्ये मावतात, एवढ्या भांडवलावर मी मॅनेजर झालो. ड्रमला खारीचा वास लागतो अशी शामूची कायमची कुरकुर असते. मी त्याला सांगतो, बाबा, खारीला ड्रमचा वास लागला असता तर मी भिकेला लागलो असतो.

शामू यंत्रमागवाला. घराच्या मागच्या बाजूला पत्र्याची शेड, शेडमध्ये माग. माग चालू असले की शेजारच्या माणसाच्या कानात ओरडल्याशिवाय बोलता येत नाही, आणि आमच्यासारख्या बँडला साऱ्या शहरात तालमीला तेवढी एकच जागा होती. माग खडखडत असेपर्यंत आम्ही काय वाजवतो याची गल्लीत कुणाला शुद्ध नसे. घोटाळा व्हायचा तो करंट गेल्यावर. माग थांबत, गिटार थांबे, पण शामूचे हात आणि उपेंद्रचा गळा यांना करंट लागत नाही. ते दोघं तंद्रीत चालूच राहत आणि मग गल्लीला कळे की इथे कुणाचा तरी जीव जातोय. एकदा शेजारचा एक गृहस्थ थेट वीज कचेरीत गेला आणि खिडकीतल्या माणसाला म्हणाला, आमच्या शेजारी पोरं बोंबलत असतात, त्यांचं करंट कायमचं तोडा. उपेंद्रने लिहून घेतलं आणि "बघतो" म्हणाला.

शामूची आई नागुबाई त्याच शेडमध्ये एका कोपऱ्यात मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसते. पहिल्या दिवशी उपेंद्रचा आवाज ऐकून ती उठली आणि सुंठ घालून गरम पाणी घेऊन आली. पोराच्या घशात काहीतरी अडकलंय अशी तिची समजूत झाली होती. नंतर समजूत गेली, पाणी मात्र चालू राहिलं. जन्म मागांच्या खडखडाटात गेल्याने कसल्याही गोंगाटातून शब्द वेचून घ्यायची तिला सवय आहे. उपेंद्र गातो त्यातलं अक्षर अन् अक्षर कळणारी आमच्यात तीच एकटी होती.

पहिली काही वर्षं आम्ही इंग्रजीत गायलो. इंग्रजीचं बरं असतं. मराठीवाल्यांना राग येत नाही, कानडीवाल्यांना येत नाही आणि कळत कुणालाच नाही. तेवढ्या काळात एकच जाहीर कार्यक्रम झाला, तो निपाणीला, उपेंद्रच्या सासुरवाडीच्या गल्लीतल्या गणपतीपुढे. तिसरं गाणं संपल्यावर मंडळाचे अध्यक्ष स्टेजवर आले, त्यांनी उपेंद्रच्या हातून माईक हळुवार काढून घेतला आणि आता आपण सगळ्यांनी आरती म्हणू या, असं जाहीर केलं. आरती त्या दिवशी आधीच होऊन गेली होती. उपेंद्रची बायको लतिका त्या गल्लीत वर्षभर मान वर करून चालली नाही.

मग मराठीत प्रयत्न झाला. श्रेयसने चाली चांगल्या बांधल्या होत्या, शब्दही बरे होते. पण मराठी शब्द तोंडात आला की उपेंद्रचा आवाज खाली बसायचा. गाणं सुरू होई राक्षसासारखं आणि दुसऱ्या ओळीला खिडकीतला कारकून बाहेर येई. श्रेयस वैतागला. शेवटी एक दिवस उपेंद्रने स्वतःच लिहिलेलं एक गाणं कानडीत म्हटलं, आणि शेडच्या पत्र्यावर बसलेली कबुतरं उडाली. गाण्यात होतं काय, तर 'करेंट यावाग बर्तैती', म्हणजे करंट कधी येणार. खिडकीत रोज ऐकून घेतलेलंच त्याने जसंच्या तसं परत केलं होतं. आम्ही त्याला विचारलं, मराठीत का होत नाही रे तुला हे?

तो नेहमीच्या हळू आवाजात म्हणाला, "मराठीत त्वांड उघडलं की आप्पा पलीकडच्या खोलीत ऐकाय लागल्यात असं वाटतंय रं. आवाजच चढत न्हाय. वरडायचं कसं ते मी खिडकीत बसून शिकलोय, आणि ते कानडीतच शिकलोय."

आता त्याच्या आप्पांबद्दल सांगायला हवं, कारण इथून पुढचं सगळं त्यांच्यामुळे झालं. मारुतीराव मुचंडीकर आम्हाला शाळेत मराठी शिकवत. आम्ही त्यांना सर म्हणतो, अजूनही समोर दिसले की माझा हात आपोआप शर्टाच्या वरच्या बटणाकडे जातो. सीमाभागाच्या चळवळीत त्यांची हयात गेली. लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात जाऊन आले. सभेत उभे राहिले की तासभर हलत नसत आणि मायमराठीवर असं बोलत की भाजीवाल्या बायकासुद्धा पाट्या खाली ठेवून ऐकत. कानडी त्यांना येत नाही. हे ते लपवत नसत, उलट मान ताठ करून सांगत. बसवरची पाटी कानडीत असते म्हणून ते ती वाचत नसत. प्रत्येक बस थांबवून कंडक्टरला मराठीत विचारत, ही कुठे जाते? कंडक्टर पाटीकडे बोट दाखवी, आणि सर पाटीकडे पाठ करून पुन्हा तोच प्रश्न विचारत. उपेंद्र पाचवीत गेल्यावर हे काम त्याच्याकडे आलं. पाटी तो वाची, दुकानाची नावं तो वाची, कचेऱ्यांतले कागद तो भरी. कानडीच्या विरोधात आयुष्य वेचलेल्या माणसाच्या पोराचं कानडी वर्गात सगळ्यात पक्कं झालं ते असं.

आणि आता खरी मेख सांगतो. हे मायमराठीचे शिलेदार घरात तोंड उघडत नसत. राग नाही, भांडण नाही, नुसतं बोलत नसत. सभेत तासभर, घरात दिवसाला पाच-सहा शब्द, त्यातले दोन 'पाणी' आणि 'पेपर'. उपेंद्रची आई होती तोवर ती दोघांच्या वाटचं बोलत असे. ती गेली आणि घरात रेडिओ तेवढा उरला. ज्या भाषेसाठी सरांनी डोकं फोडून घेतलं, ती त्यांनी स्वतःच्या पोराशी वापरलीच नाही. मला याचा फार राग येई. शिक्षक म्हणून ते थोर होते, आहेत, पण उपेंद्रला मी लहानपणापासून पाहिलंय. प्रगतिपुस्तक घेऊन तो त्यांच्या खुर्चीजवळ नुसता उभा राहायचा. सर सही करून पुस्तक परत द्यायचे.

तर त्या घरातल्या उपेंद्रने कानडी गाण्यांचा आख्खा आल्बम लिहिला. नाव 'दूरु', कानडीत तक्रार. वडगावच्याच एका पोराकडून आम्ही तो रेकॉर्ड करून घेतला. माग बंद असतात त्या आठवड्याच्या सुट्टीला शेडमध्ये गाद्या टांगल्या आणि गल्लीची माफी आगाऊ मागून ठेवली. बहुतेक गाणी खिडकीतलीच होती, खांब पडल्याचं, बिल जास्त आल्याचं, साहेब जेवायला गेल्याचं. शेवटचं गाणं वेगळं निघालं. 'आप्पा, माताडू.' आप्पा, बोला. सबंध गाण्यात तेवढेच शब्द फिरून फिरून येत होते, आणि मधेच एकदा, पाणी आणि पेपर सोडून काहीही बोला.

ते गाणं झाल्यावर श्रेयस म्हणाला, काय ओरडलाय, भिंती हलल्या. नागुबाई कोपऱ्यातून म्हणाली, "वरडाय कुटं लागलाय? रडाय लागलाय त्यो."

उपेंद्रने गरम पाणी पिऊन घेतलं. बाहेर व्हॅनपाशी मी त्याला विचारलं, हे सरांच्या कानावर गेलं तर? तो निर्धास्त होता. आप्पांना कानडी येत नाही, म्हणाला, म्हणून तर लिहिता आलं.

आल्बम मोबाइलवर चढवला. ऐकणारे आम्हीच. मग कचेरीतल्या एकाच्या ओळखीने, कानडी गाणी म्हणतो म्हटल्यावर, एका वसाहतीतल्या मंडळाने बोलावणं धाडलं. राज्योत्सवाला संध्याकाळी डीजेच्या आधी थोडा वेळ स्टेज देतो म्हणाले. आम्ही हुरळलो. निपाणीनंतर पहिलं स्टेज. आता बाहेरचा वाचक असेल तर त्याच्यासाठी सांगतो, एक नोव्हेंबर ही आमच्याकडे एकाच दिवशी दोन तारखा असल्यासारखी येते. कानडी लोकांचा तो राज्योत्सव, लाल-पिवळे झेंडे आणि मिरवणुका. मराठी लोकांचा काळा दिवस, काळे कपडे, दंडाला काळी फीत, आणि सकाळी मूक सायकल फेरी. इथलं शेंबडं पोरसुद्धा त्या दिवशी कपाट उघडताना विचार करतं. आम्ही चौघे चाळिशीचे घोडे, जन्माने इथले, आणि आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की आपला बँड नखशिखांत काळ्या कपड्यांत असतो. का, तर तो आमचा गणवेश होता. वर्षानुवर्षं रविवारी काळं घालून काळा हा रंग असतो हेच आम्ही विसरलो होतो. टी-शर्टवर ट्रान्सफॉर्मरच्या खांबावर असते तशी कवटी आणि हाडं.

त्या दिवशी सकाळी ड्रम भरून मी शहापुरात उपेंद्रला न्यायला गेलो, कारण स्टेजवर आवाज जमवून बघायला लवकर बोलावलं होतं. सर अंगणात सायकल पुसत होते. दंडाला फीत, डोक्याला काळी टोपी. दरवर्षीप्रमाणे एकटे. उपेंद्र टी-शर्ट घालून दारात आला. सरांनी वर पाहिलं. पोरगा एक नोव्हेंबरला काळं घालून दारात उभा, हे दृश्य त्या माणसाने किती वर्षं मनात धरलं होतं कुणास ठाऊक. त्यांनी फडकं खाली ठेवलं, खिशात हात घातला आणि दुसरी फीत काढली. लतिकाने मला नंतर सांगितलं की ते दरवर्षी दोन घेऊन निघतात आणि एक तशीच परत आणतात.

त्यांनी ती उपेंद्रच्या दंडाला बांधली. गाठ नीट बसली की नाही ते ओढून पाहिलं. मग म्हणाले, "चल."

उपेंद्रने माझ्याकडे पाहिलं. मी ड्रमकडे पाहिलं. मॅनेजर म्हणून माझं काहीतरी म्हणणं असायला हवं होतं, पण मला सरांचा चेहरा दिसत होता आणि त्या चेहऱ्यापुढे स्टेज गेलं खड्ड्यात असं मला वाटलं. उपेंद्रने लतिकाची, पुढे भाजीची बुट्टी लावलेली लेडीज सायकल काढली आणि निघाला.

मी व्हॅन घेऊन मागनं मागनं गेलो. सगळी फेरी मूक. बाप-लेक जन्मात पहिल्यांदा बरोबर कुठे निघाले होते, आणि निघाले तेही न बोलण्यासाठीच. एका जुन्या कार्यकर्त्याने उपेंद्रच्या छातीवरची कवटी पाहून आपल्या सीमावासीयांची दशा अगदी अचूक दाखवली म्हणून त्याची पाठ थोपटली. महाद्वार रोडच्या कोपऱ्यावर फेरी जरा थांबली तेव्हा सरांनी पोराला लिंबू सोडा घेऊन दिला. दोघांनी शेजारी उभं राहून आपापली बाटली संपवली. बाटल्या परत देईपर्यंत एक शब्द नाही, पण दोघे खूष होते, हे मला लांबूनही दिसत होतं.

संध्याकाळी स्टेजजवळ पोचलो आणि मंडळाच्या सेक्रेटरीचं तोंड उतरलं. राज्योत्सवाच्या दिवशी काळे कपडे घालून आलेली चार मराठी माणसं म्हटल्यावर त्याने काय समजायचं? श्रेयसने हात जोडून हा आमचा गणवेश आहे, असं समजावलं. जगात सगळीकडे असले बँडवाले काळंच घालतात म्हणाला. जगात घालू देत, इथे नको, असं सेक्रेटरीचं म्हणणं, आणि त्यात चूक काही नव्हतं. शेवटी त्याने लाल-पिवळी उपरणी मागवून प्रत्येकाच्या गळ्यात घातली. मी उपेंद्रला बाजूला घेऊन म्हटलं, निदान दंडाची फीत तरी सोड.

तो म्हणाला, "आप्पांनी बांधल्याली हाय. ऱ्हाऊ दे."

फितीवर उपरणं ओढून तो स्टेजवर गेला. वाजवलं मात्र आम्ही त्या दिवशी झकास. डीजेची वाट बघत असलेली पोरं नाचायला लागली, त्यांना ठोका पाहिजे होता आणि शामूने तो दिला. शेवटी 'आप्पा, माताडू' सुरू झालं. उपेंद्र गुडघ्यावर बसला, डोळे मिटले, आणि त्या ओरडण्यात उपरणं खांद्यावरून सरकून खाली पडलं. दंडावरची काळी फीत सगळ्या मोबाइलांत आली.

दुसऱ्या दिवशी गावात दोन फोटो फिरत होते. एकात सकाळचा उपेंद्र, काळा टी-शर्ट, काळी फीत, लेडीज सायकल. दुसऱ्यात संध्याकाळचा, तोच टी-शर्ट, तीच फीत, पायाशी लाल-पिवळं उपरणं, मागे राज्योत्सवाचा फलक. मराठीवाले म्हणाले, हा फितूर. कानडीवाले म्हणाले, याने मुद्दाम अपमान केला. एरवी ज्यांचं कशावरच एकमत होत नाही ते दोघे या एका माणसाबद्दल एक झाले. माझ्या मते सीमाप्रश्नात एवढी प्रगती आजवर कुणी केली नव्हती. आणि रागाच्या भरात सगळ्यांनी आल्बम ऐकला. जो कुणी फुकट दिला तरी ऐकत नव्हता, तो गल्लोगल्ली वाजू लागला. ऐकून कुणालाच काही कळलं नाही, कारण तसलं गाणं ऐकून समजायला नागुबाईच पाहिजे.

दोन्हीकडची माणसं जाब विचारायला कचेरीत गेली. खिडकी एकच, रांग एकच. आधी सेक्रेटरी आणि त्याची माणसं कानडीत ओरडून गेली, मग चळवळीतली तरुण पोरं मराठीत. उपेंद्रने मान खाली घालून सगळं ऐकलं. पहिल्यांना "नोड्तीनि री" म्हणाला आणि दुसऱ्यांना "बघतो".

पोरांचं तेवढ्याने समाधान झालं नाही. ती मोबाइल घेऊन सरांच्या घरी गेली. लतिका चहा टाकत होती, तिने हे सगळं पाहिलं. बघा सर तुमच्या मुलाचे पराक्रम, पोरं म्हणाली, आणि सरांनी निषेधाचे दोन शब्द द्यावेत अशी मागणी केली. सरांनी मोबाइल हातात घेतला. कानडी गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. मग परत लावा म्हणाले. दुसऱ्यांदा ऐकताना त्यांनी चष्मा काढला होता. संपल्यावर पोरं वाट बघत उभी राहिली, काय हो सर, काय म्हणतोय तो यात?

सर म्हणाले, "मला कानडी येत नाही." आणि मोबाइल परत दिला.

बघा, आयुष्यभर ज्या वाक्याने त्यांनी सरकारला अडवलं होतं, त्याच वाक्याने त्यांनी त्या दिवशी पोराला पाठीशी घातलं. लतिकाने हे रात्री उपेंद्रला सांगितलं तेव्हा तो नुसता हसला. येतच नाही त्यांना, म्हणाला, खरं तेच सांगितलं. घरात पुन्हा पाणी आणि पेपर सुरू झालं, आणि मग तेही थांबलं. सर स्वतःच उठून पाणी घेऊ लागले. उपेंद्रची समजूत झाली की राज्योत्सवाच्या स्टेजवर गेल्याचा त्यांना धक्का बसलाय. तो खचला. रविवारी शेडवर आला नाही. बँड बंद करूया, म्हणाला. त्या दिवशी सकाळी सोडा घेऊन दिला होता रे त्यांनी मला, एवढंच दोनदा म्हणाला.

पुढच्या आठवड्यात माझ्या बेकरीची एक फेज गेली. भट्टीचा पंखा बंद, पीठ मळायचं मशीन बंद. मी चरफडत वीज कचेरीत गेलो आणि रांगेत उभा राहिलो. माझ्या पुढे दोन माणसं सोडून काळी टोपी दिसली. मुचंडीकर सर. मराठीत कागद दिल्याशिवाय मी असल्या खिडकीपुढे उभा राहणार नाही, असं त्यांनी भर सभेत सांगितलेलं मी ऐकलंय. हात माझा वरच्या बटणाकडे गेला. मला वाटलं, आता तमाशा होणार, पोराची नोकरीच्या जागी अब्रू जाणार.

पुढचा माणूस बाजूला झाला. सर खिडकीशी गेले. उपेंद्र मान खाली घालून कागद शोधत होता, त्याने वर पाहिलंच नाही.

सर खिडकीत वाकले आणि म्हणाले, "एन माताड्ली?"

काय बोलू, असं विचारलं त्यांनी. स्वच्छ कानडीत. आमच्याकडे गल्लीबोळांत बोलतात तशा साध्या, घरगुती कानडीत, जी माणसाला पुस्तकातून येत नाही, आयुष्यभर कानावर पडून येते. आणि आवाज, मी सांगतो तुम्हाला, सभेतला नव्हता. तक्रार घेऊन आलेल्या, दिवसभर करंट नसलेल्या माणसाचा होता.

उपेंद्रने मान वर केली. त्याचा चेहरा मला तिथून दिसत होता. प्रगतिपुस्तक घेऊन उभं राहिलेलं पोरगं दिसलं मला. तो काहीतरी बोलायला गेला, तोंड उघडलं, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने तोंडातून आलं तेच आलं.

"नोड्तीनि री."

मागच्या माणसाने चला पुढं म्हणून हाक दिली. सरांनी मान डोलावली. "बघ," म्हणाले मराठीत, "मी बसतो हितं." आणि भिंतीकडच्या बाकावर जाऊन बसले. उपेंद्रने पुढच्या माणसाची तक्रार घेतली, मग त्याच्या पुढच्याची. माझी वेळ आली तेव्हा त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तो एका हाताने पुसत दुसऱ्या हाताने लिहीत होता. माझी फेज गेलीय, मी म्हटलं. त्याने मान हलवली. त्याने काय लिहिलं देव जाणे, माझा पंखा दोन दिवस बंदच राहिला.

कचेरी सुटेपर्यंत सर तिथे बसून होते. मीही बाहेर व्हॅनमध्ये थांबलो, कारण तक्रारीचं काय झालं ते बघायचं होतं, असं मी बेकरीत सांगितलं. दोघे बाहेर आले. घरी सोडतो म्हटलं, तर पावाच्या गाडीतून नको, असं सरांनी शाळेतल्या आवाजात सांगितलं. मग ते समोरच्या स्टॉपवर जाऊन उभे राहिले. मधे थोडं अंतर ठेवून, पण उभे.

व्हॅनची काच खाली होती. सर म्हणाले, "मी बोलत न्हाय म्हणून गावभर वरडलास. मला कवा म्हणालास काय, बोला म्हणून?"

"न्हाय, आप्पा."

"मग?"

तेवढ्यात बस दिसली. पाचवीपासूनच्या सवयीने उपेंद्रने पाटी वाचायला मान उंचावली आणि तोंड उघडलं. त्याच्या आधी सरांनी चष्मा वर केला, कपाळावर हात धरून पाटीकडे पाहिलं आणि म्हणाले, "ही न्हवं. ही काकतीला जात्या. आपली मागनं येतीया."

उपेंद्रचं तोंड तसंच उघडं राहिलं. सर पुढे बोलतच होते, दुसऱ्या गाण्यात ड्रम फार आहेत, शामूच्या आईला त्रास होत असेल, आणि तुझी आई असती तर काय म्हणाली असती. त्यांची बस आली तेव्हाही ते बोलत होते.